क्रॅप्सच्या टेबलावर हजार डॉलर आणि दोन संध्याकाळी

नमस्कार. आपला प्रश्न मी समजलो तो असा. परिषदेच्या निमित्ताने आपण नाशिकहून लास वेगासला जाणार आहात, तेथे दोन संध्याकाळी मोकळ्या आहेत आणि जुगारासाठी म्हणून एक हजार डॉलर आपण वेगळे काढून ठेवले आहेत. फाशांचा क्रॅप्स हा खेळ खेळून पाहण्याची इच्छा आहे. ‘आयर्न क्रॉस’ नावाची मांडणी ३६ पैकी ३० वेळा जिंकते असे एका चित्रफितीत आपण पाहिले, तर एका मित्राने हरल्यावर रक्कम दुप्पट करत जाण्याचा सल्ला दिला. या दोहोंपैकी कोणती पद्धत चांगली, आणि जाण्यापूर्वी एखाद्या ॲपवर खरे पैसे लावून सराव करावा का, असे आपण विचारले आहे.

मी अनेक वर्षे प्रवासी जहाजांवरील कॅसिनोंमध्ये क्रॅप्सच्या टेबलावर आधी डीलर आणि नंतर पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली. आता नाशिकमध्ये असतो आणि संख्याशास्त्राच्या शिकवण्या घेतो. त्यामुळे पुढचे विवेचन टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिलेले आहे आणि त्याचा हिशेब कागदावर पुन्हा मांडून तपासलेला आहे.

आपण विचारले आहे की कोणती पद्धत जिंकून देईल. माझ्या मते खरा प्रश्न निराळा आहे. क्रॅप्समध्ये पैसे लावण्याच्या प्रत्येक जागेला एक ठरलेली किंमत असते आणि कोणत्याही क्रमाने, कोणत्याही रकमांनी त्या जागा एकत्र केल्या तरी एकूण किंमत ही त्या सुट्या किमतींची बेरीजच राहते. पद्धत बदलल्याने तीन गोष्टी बदलतात: तासाभरात एकंदर किती रक्कम टेबलावरून फिरते, हातातले पैसे किती वर-खाली होतात, आणि हरायचेच असेल तर थोडेथोडे हरायचे की एकदम. म्हणून ‘कोणती पद्धत जिंकते’ याऐवजी ‘हजार डॉलरमध्ये दोन संध्याकाळी कशा घालवायच्या आहेत’ असे विचारले, तर उपयोगी उत्तर देता येते. त्यातला बराच भाग आपल्या परिस्थितीवर आणि स्वभावावर अवलंबून आहे. ते हजार डॉलर पूर्ण गेले तरी घरखर्चाला, हप्त्यांना किंवा झोपेला धक्का लागणार नसेल, हे गृहीत धरूनच मी पुढे लिहितो. तसे नसेल तर यापुढचा कोणताही आकडा आपल्या कामाचा नाही.

आधी खेळाचा गाभा पाहू, कारण बाकी सर्व हिशेब त्यातूनच निघतो. दोन फाशांच्या ३६ शक्यता असतात. त्यांपैकी ७ ही बेरीज सहा प्रकारांनी येते. ६ आणि ८ प्रत्येकी पाच प्रकारांनी, ५ आणि ९ चार, ४ आणि १० तीन, ३ आणि ११ दोन, आणि २ व १२ प्रत्येकी एकाच प्रकाराने. ‘पास लाइन’वर पैसे लावले असता पहिल्या फेकीला, म्हणजे ‘कम-आउट’ला, ७ किंवा ११ आल्यास आपण जिंकता आणि २, ३ किंवा १२ आल्यास हरता. याखेरीज जो आकडा येतो तो ‘पॉइंट’ ठरतो, आणि मग ७ येण्याआधी तो पॉइंट पुन्हा आला तर आपण जिंकता, ७ आधी आला तर हरता. सर्व शक्यता मांडल्यास ४९५ पैकी २४४ वेळा जिंकणे आणि २५१ वेळा हरणे असे गुणोत्तर येते. फरक ७ चा आहे. ४९५ पैकी ७ म्हणजे १.४१ टक्के. हा कॅसिनोचा वाटा, ज्याला टेबलावर ‘हाउस एज’ म्हणतात. आपल्याकडे बाजार समितीत भाव चढो की पडो, प्रत्येक व्यवहारामागे अडत ठरलेली असते, तसाच हा वाटा लावलेल्या प्रत्येक डॉलरमागे ठरलेला असतो. मात्र तो वेगळा कापून घेतला जात नाही, जिंकल्यावर मिळणाऱ्या रकमेतच आधीपासून दडलेला असतो, आणि म्हणूनच तो जाणवत नाही.

पास लाइनचा निकाल लागायला सरासरी ३.३८ फेकी लागतात. टेबलावर गर्दी किती, डीलर किती सराईत, यावर वेग अवलंबून असतो. तरी तासाला सुमारे १०० फेकी धरल्यास साधारण ३० निकाल लागतात. लास वेगासच्या मुख्य रस्त्यावरील टेबलांवर किमान रक्कम बहुधा १५ डॉलर किंवा त्याहून अधिक असते, म्हणून मी १५ धरतो. चार तासांत १२० निकाल, प्रत्येकी १५ डॉलर, म्हणजे एकूण १,८०० डॉलर टेबलावरून फिरतात आणि त्याच्या १.४१ टक्के, म्हणजे सुमारे २५ डॉलर, ही त्या संध्याकाळची सरासरी किंमत होते. एखाद्या कार्यक्रमाच्या तिकिटाएवढी ही रक्कम आहे. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढच्या प्रत्येक पद्धतीची तुलना मी याच्याशी करणार आहे.

आता आयर्न क्रॉस. यात ५, ६ आणि ८ या आकड्यांवर ‘प्लेस’ची रक्कम लावतात (७ च्या आधी तो आकडा आला तर जिंकणारी) आणि त्याबरोबर ‘फील्ड’वर, जेथे त्या एकाच फेकीला २, ३, ४, ९, १०, ११ व १२ जिंकतात आणि बाकीचे आकडे हरतात. ७ वगळता प्रत्येक आकड्याला काही ना काही मिळते, त्यामुळे ३६ पैकी ३० हा चित्रफितीतला आकडा खरा आहे. खोटे काहीच सांगितलेले नाही. फक्त जिंकण्याची वारंवारता सांगितली आणि जिंकण्या-हरण्याचा आकार सांगितला नाही. १५ डॉलरच्या टेबलावर फील्डवर १५, पाचवर १५, आणि सहा व आठवर प्रत्येकी १८ अशी ६६ डॉलरची मांडणी होते. (सहा व आठवर ६ च्या पटीत लावावे लागते, कारण तेथे ६ ला ७, म्हणजे ६ लावल्यास ७ जिंकण्याचा दर असतो. १५ लावल्यास पूर्ण दर मिळत नाही, आणि नवखे खेळाडू तेथे रोज चिल्लर सोडून जातात.) आता ५, ६ किंवा ८ आला तर प्लेसवर २१ मिळतात पण फील्डचे १५ जातात, म्हणजे हाती ६. फील्डचा साधा आकडा आला तर १५; २ किंवा १२ आला तर दुपटीने ३०. आणि ७ आला की ६६ चे ६६ जातात. ३६ फेकींचा हिशेब करा: १४ प्रकारांनी १५ मिळून २१०, दोन प्रकारांनी ३० मिळून ६०, चौदा प्रकारांनी ६ मिळून ८४, एकूण ३५४ आले. सात सहा प्रकारांनी येतो, प्रत्येकी ६६, म्हणजे ३९६ गेले. ३६ फेकींमागे ४२ डॉलरची तूट, अर्थात एका फेकीमागे सुमारे १ डॉलर १७ सेंट.

हा आकडा लहान दिसतो, पण क्रॅप्समध्ये फेकी भराभर होतात. मांडणी प्रत्येक फेकीवर चालू ठेवली तर तासाला सुमारे ११७ डॉलर आणि चार तासांत सुमारे ४६७ डॉलर, म्हणजे आपल्या एका संध्याकाळच्या वाट्याचे जवळजवळ सगळे पैसे सरासरीनेच संपतात. पास लाइनवर हेच २५ होते. हे पैसे जातात कोठे, हेही पाहण्यासारखे आहे: तासाच्या ११७ पैकी सुमारे ८३ डॉलर एकट्या फील्डचे आहेत. फील्डचा वाटा ५.५६ टक्के आहे आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्याचा निकाल प्रत्येक फेकीला लागतो, त्यामुळे तेच १५ डॉलर तासाला शंभर वेळा चाळणीतून जातात. सहा व आठच्या प्लेसचा वाटा १.५२ टक्के इतका माफक आहे आणि त्यांचा निकालही सावकाश लागतो. काही टेबलांवर फील्डमध्ये १२ ला तिप्पट मिळते. तेथे फील्डचा वाटा २.७८ टक्क्यांवर येतो आणि तीच मांडणी चार तासांना सुमारे ३०० डॉलरला पडते. म्हणजे टेबलाच्या हिरव्या कापडावर छापलेला एक शब्द संध्याकाळमागे दीडशेहून अधिक डॉलरचा फरक करतो.

वारंवार जिंकणे सुखद असते, हे मी नाकारत नाही. डीलर म्हणून आयर्न क्रॉस मांडणारा खेळाडू आला की मला प्रत्येक फेकीला हात चालवावा लागे, आणि तो खेळाडूही खुशीत असे. पंधरा-वीस फेकी ७ न येता गेल्या तर ढीग खरोखरच वाढतो. परंतु सरासरीने सहा फेकींत एक ७ येतोच, आणि त्याआधीच्या पाच फेकींतून साठलेले सुमारे ५९ डॉलर त्या एका ७ ला ६६ देऊन परत जातात. पद्धतीचे सगळे अर्थशास्त्र या ५९ आणि ६६ च्या फरकात आहे.

मित्राने सुचवलेली दुपटीची पद्धत, जिला ‘मार्टिंगेल’ म्हणतात, तिचा दोष वेगळ्या ठिकाणी आहे. तिच्यामुळे डॉलरमागचा वाटा अजिबात वाढत नाही, तो १.४१ टक्केच राहतो. पण १५ पासून सुरुवात केल्यास १५, ३०, ६०, १२०, २४०, ४८० अशा सहा पायऱ्यांत ९४५ डॉलर लागतात आणि हजारांत सातवी पायरी बसत नाही. सहा वेळा सलग हरण्याची शक्यता ५९ मध्ये एक आहे, आणि ऐकताना ती फार दूरची वाटते. मात्र प्रत्येक जिंकण्यानंतर नवी साखळी सुरू होते आणि चार तासांच्या १२० निकालांत अशा सुमारे ५९ साखळ्या होतात. त्यामुळे एकाच संध्याकाळी कोठेतरी सहा सलग हार येण्याची शक्यता सुमारे ६० टक्क्यांवर जाते. त्या कचाट्यातून सुटलात तर सुमारे ८८५ डॉलर मिळतील, हे तितकेच खरे आहे, आणि अशा सुटलेल्या संध्याकाळींच्या कथाच आपल्यापर्यंत पोचतात. पहिल्याच संध्याकाळी नाणे उडवण्याजोगा पण थोडा प्रतिकूल असा सौदा करायचा असेल तर मार्टिंगेल तो सौदा आहे. दोन संध्याकाळी खेळायचे असेल तर नाही. जास्त रक्कम लावू देणारे, मोठ्या कमाल मर्यादेचे टेबल शोधून काही साधत नाही. मर्यादा उंच असली तरी खिसा आडवा येतो.

याच मुळातून आणखी एक समज उगवतो, तो म्हणजे बराच वेळ न आलेला आकडा ‘आता यायलाच हवा’. आपल्या देवळालीच्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर गुरुजींनी दाखवलेली ६१७४ ची गंमत ठाऊक असेलच: सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. तेथे प्रत्येक पायरी आधीच्या पायरीतून जन्मते, म्हणून शेवट ठरलेला असतो. फाशाची पुढची फेक मागच्या फेकीतून जन्मत नाही. सहा वेळा ७ आला नसेल तरी सातव्या फेकीला ७ ची शक्यता ३६ पैकी ६ एवढीच असते.

टेबलावर एकच जागा अशी आहे जेथे कॅसिनोचा वाटा शून्य असतो, आणि ती कापडावर छापलेलीही नसते. पॉइंट ठरल्यानंतर पास लाइनच्या रकमेमागे आणखी रक्कम ठेवता येते. तिला ‘ऑड्स’ म्हणतात आणि तिला खऱ्या शक्यतेनुसार दर मिळतो: ४ व १० ला दुप्पट, ५ व ९ ला २ ला ३, ६ व ८ ला ५ ला ६. बहुतेक पुस्तकी सल्ला येथे येऊन थांबतो: जितके घेता येतील तितके ऑड्स घ्या. माझे मत याहून सावध आहे. अनेक ठिकाणी ४ व १० वर तिप्पट, ५ व ९ वर चौपट आणि ६ व ८ वर पाचपट ऑड्सची मुभा असते. पूर्ण मुभा वापरली तर लावलेल्या एकूण रकमेच्या प्रमाणात वाटा ०.३७ टक्क्यांवर उतरतो, आणि हा आकडा मोहक दिसतो. परंतु डॉलरमध्ये आपली किंमत तीच राहते: संध्याकाळमागे २५. ऑड्समुळे तोटा कमी झाला असे नाही, त्याच तोट्याला मोठ्या रकमेने भागले म्हणून टक्का लहान दिसला. जो बदल खरोखर होतो तो चढ-उतारांत. ऑड्सशिवाय चार तासांच्या खेळाचे प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीपासून साधारण किती दूर जातो याचे माप, सुमारे १६४ डॉलर येते. पूर्ण ऑड्स घेतल्यास ते सुमारे ८०८ होते. आपल्या संध्याकाळच्या ५०० डॉलरच्या हिशेबात याचा अर्थ असा, की पूर्ण ऑड्स घेऊन खेळल्यास चार तास पुरे होण्याआधीच पैसे संपण्याची शक्यता ढोबळमानाने निम्म्याच्या आसपास जाते. पास लाइनएवढेच, म्हणजे एकपट ऑड्स घेतल्यास विचलन सुमारे ३११ डॉलर येते आणि मध्येच रिकाम्या हाताने उठण्याची वेळ आठांतून एखाद्या संध्याकाळीच यावी.

म्हणून ऑड्स घ्यावेत, पण १५ च्या पास लाइनवर एवढा भार पेलतो का हे आधी पाहावे. ज्याला उत्कंठा हवी आहे आणि तासाभरात उठण्याची तयारी आहे, त्याने ऑड्स वाढवावेत, कारण उत्कंठा विकत घेण्याची ती सर्वांत स्वस्त जागा आहे. ज्याला मित्रमंडळींबरोबर बराच वेळ टेबलाशी उभे राहायचे आहे, त्याला एकपट पुरे. एक बारीकसा व्यवहार: ५ किंवा ९ पॉइंट असेल तेव्हा ऑड्सची रक्कम सम असावी, नाहीतर २ ला ३ या दराने निघणारा अर्धा डॉलर कॅसिनोकडे राहतो; ६ किंवा ८ असेल तेव्हा ती ५ च्या पटीत असावी.

‘डोन्ट पास’, म्हणजे फेकणाऱ्याच्या विरुद्ध लावणे, याचा वाटा १.३६ टक्के आहे. ही जागा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन विन या अमेरिकी फासे-कारागिराने खेळात आणली, असे मानले जाते. तिच्यात कम-आउटला १२ आल्यास आपण जिंकत नाही, रक्कम नुसती परत मिळते. एवढी एक अट नसती तर ती जागा खेळाडूच्याच फायद्याची झाली असती. पास लाइनच्या तुलनेत आपल्या संध्याकाळी ती सुमारे एक डॉलर वाचवते. त्या एका डॉलरसाठी सगळे टेबल ज्या ७ ने हळहळते त्याच ७ ला आपण मनातून आनंदायचे का, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला विचाराल तर नवख्याने पास लाइनवरच राहावे, कारण बाकीचे लोक काय करत आहेत हे समजणे तेथे सोपे जाते.

टेबलाच्या मधोमध ज्या चौकटी असतात त्यांविषयी थोडे स्पष्टच लिहितो, कारण त्या विकण्याचे काम मी स्वतः केले आहे. लांब काठीने फासे पुढे सरकवणारा ‘स्टिकमन’ मोठ्याने, गमतीदार शब्दांत या चौकटींची नावे घेत असतो. ती त्याच्या कामाचाच भाग आहे. ‘एनी सेव्हन’वर, म्हणजे पुढच्याच फेकीला ७ येईल यावर, ४ पट मिळतात आणि वाटा १६.६७ टक्के असतो. ‘हार्ड’, म्हणजे दोन्ही फाशांवर सारखाच आकडा येऊन झालेल्या, ६ किंवा ८ वर ९.०९ टक्के, ‘हार्ड’ ४ किंवा १० वर ११.११ टक्के, २ किंवा १२ वर ३० पट मिळत असतील तर १३.८९ टक्के. प्रत्येक फेकीला एनी सेव्हनवर फक्त ५ डॉलर लावत राहिलात तर चार तासांत सरासरी ३३३ डॉलर जातात. या चौकटींचा सर्वांत फसवा वापर ‘विम्यासाठी’ होतो. कम-आउटला २, ३ किंवा १२ येऊन पास लाइन जाऊ नये म्हणून ‘एनी क्रॅप्स’वर दोन डॉलर ठेवण्याचा सल्ला आपल्याला नक्की कोणीतरी देईल. पास लाइनच्या १५ डॉलरची सरासरी किंमत २१ सेंट आहे. त्या दोन डॉलरच्या विम्याची किंमत २२ सेंट. म्हणजे विमा उतरवलेल्या मालापेक्षा हप्ता महाग पडला.

फासे विशिष्ट प्रकारे धरून आणि ठरावीक चापाने फेकून निकालावर ताबा मिळवण्याचे वर्गही चालतात. कॅसिनोचे फासे पारदर्शक, धारदार कडांचे असतात आणि त्यांचे ठिपके फाशाएवढ्याच घनतेच्या पदार्थाने भरलेले असतात. टेबलाच्या पलीकडच्या भिंतीला पिरॅमिडसारख्या उंचवट्यांचे रबर असते आणि फासे त्याला आपटलेच पाहिजेत असा नियम असतो. ही सारी व्यवस्था हातचलाखी निकामी करण्यासाठीच आहे. एकाच खेळाडूच्या हातून फेकींच्या असामान्य लांब मालिका होतात, यात शंका नाही: २००९ मध्ये अटलांटिक सिटीच्या बोर्गाटा कॅसिनोत एका महिलेने ७ ने बाद होण्यापूर्वी १५४ वेळा फासे फेकले, तर सर्वसाधारण सरासरी साडेआठ फेकींची आहे. पण जगभर रोज इतक्या जणांच्या हातून फासे फेकले जातात की असा एखादा विक्रम घडण्यासाठी कौशल्याची गरज पडत नाही.

आता आपल्या हजार डॉलरची मांडणी. दोन संध्याकाळींसाठी ५०० व ५०० असे वेगळे पाकीट करावे आणि पहिल्या संध्याकाळी दुसऱ्या पाकिटाला हात लावू नये. पास लाइनवर १५, पॉइंट ठरल्यावर एकपट ऑड्स, एवढ्यावर पहिला तास काढावा. खेळ अंगवळणी पडला आणि एकच आकडा पाहत उभे राहणे कंटाळवाणे वाटू लागले, तर सहा किंवा आठ यांपैकी जो पॉइंट नसेल त्यावर १८ डॉलरचे प्लेस लावावे, किंवा ‘कम’वर १५ लावावे, कम म्हणजे मधल्या फेकीपासून सुरू होणारी पास लाइनच, वाटाही तोच. याहून जास्त आकड्यांवर एकाच वेळी पैसे पसरू नयेत, कारण एका ७ ला सगळे एकदम जातात आणि ५०० मध्ये असे धक्के फार बसत नाहीत. अशा खेळाची सरासरी किंमत संध्याकाळमागे तीस-चाळीस डॉलरच्या घरात राहील. दोनशे-तीनशे डॉलर वर किंवा खाली जाऊन उठणे अगदी नेहमीचे समजावे. त्यावरून पद्धत बरोबर होती की चूक, हे काहीच सिद्ध होत नाही. किमान २५ डॉलरचे टेबल मिळाले तर सर्व आकडे त्याच प्रमाणात वाढतात आणि ५०० डॉलर तोकडे पडतात. त्यापेक्षा कमी किमान रकमेची, काचेच्या घुमटात आपोआप फासे उडवणारी यंत्रे बरी.

ॲपविषयी. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आली आहे, त्यामुळे नाशिकमध्ये बसून खऱ्या पैशांचा सराव हा विषयच नको. परदेशी संकेतस्थळे उघडतात म्हणून ती वैध ठरत नाहीत. महाराष्ट्रात कॅसिनोंना वाव देणारा १९७६ चा कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही झाला. गोव्यात कॅसिनो कायदेशीर आहेत, पण तेथे क्रॅप्सचे टेबल मिळेलच असे धरून चालू नये. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवरील जीएसटी ४० टक्के झाला आहे, त्यापुढे १.४१ टक्क्यांची चर्चा व्यर्थ ठरते. सरावासाठी घरी दोन फासे, एक वही आणि शेंगदाणे पुरेत. फासे फेकून पास लाइनचे पन्नासेक निकाल वहीत नोंदवले की देणे-घेणे डोळ्यांपुढे उभे राहते. त्यांतले जिंकलेले निकाल २५ च्या आसपास न येता १९ किंवा ३१ आले तरी फाशांवर संशय घेऊ नये. एवढ्या लहान संख्येत तेवढी झुकती बाजू सहज येते.

जिंकल्यास कराचे काय, हे आपण विचारलेले नाही, पण परतल्यावर तो प्रश्न येतोच. अमेरिकेत अनिवासी परदेशी व्यक्तीच्या क्रॅप्समधील जिंकण्यावर तेथील प्राप्तिकर लागत नाही. भारतातील निवासी व्यक्तीला मात्र परदेशातील जिंकलेली रक्कमही येथे दाखवावी लागते. जुगाराच्या उत्पन्नावर सरसकट ३० टक्के कर आणि वर उपकर असतो, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. म्हणजे पहिल्या संध्याकाळी ३०० हरून दुसऱ्या संध्याकाळी ३०० जिंकलात तर मनाने आपण बरोबरीत असाल, करखाते तसे मानीलच असे नाही. याबाबत आपल्या सनदी लेखापालांना जाण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

प्रत्यक्ष टेबलाशी गेल्यावर पैसे डीलरच्या हातात देऊ नयेत, फेकींच्या मधल्या वेळात टेबलावर ठेवावेत. डीलरला हातातून काही घेण्याची परवानगी नसते. फासे एकाच हाताने उचलून फेकावेत. ऑड्स कोठे ठेवायचे ते समजले नाही तर सरळ विचारावे, चांगला डीलर आनंदाने दाखवतो, आणि टेबल रिकामे असलेल्या दुपारच्या वेळी अधिकच. चिप्स घेण्यापूर्वी दोन गोष्टी वाचाव्यात. पहिली म्हणजे किमान रकमेची पाटी. दुसरी म्हणजे कापडावर ‘क्रॅपलेस’ असे लिहिले आहे का. त्या प्रकारात कम-आउटला २, ३ व १२ ला हार नसते, हे ऐकून बरे वाटते. पण ते आकडे आणि त्यांच्याबरोबर ११ ही पॉइंट बनतात, आणि पास लाइनचा वाटा १.४१ वरून ५.३८ टक्क्यांवर जातो. तेवढ्याच १२० निकालांमागे आपले २५ डॉलर तेथे सुमारे ९७ होतात. शेजारी साधे टेबल असेल तर तिकडे जावे, भले तेथे जागेसाठी थोडे थांबावे लागले तरी.